गडाच्या पायरीवरचं रताळं

माहूरला जायच्या आधी पाच दिवस मी भाकरी सोडली. भात सोडला, साखरही सोडली. लातूरला मी बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे अडाणीपणातून घडलं असं म्हणायचीही सोय नाही.

सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा बायको देवीला बोलली होती, नीट दिसायला लागलं की आम्ही दोघं जोडीनं गड पायी चढू. दिसायला लागलं. आता फोटो निघणार, त्यात माझं पोटही दिसणार, म्हणून हा उद्योग. पाच दिवस पनीर आणि काकडी. काटा दोन किलो खाली आला, तसा मी घरभर सांगत फिरलो. त्यातलं बरंचसं नुसतं पाणी होतं. शरीर साखरेचा साठा पाण्यात भिजवूनच ठेवतं. साठा संपला की पाणीही जातं. दरवर्षी मीच हे फळ्यावर लिहितो.

निघालो तो मंगळवार होता, बायकोचा उपास. सासूबाईंना घ्यायला हदगावला थांबलो, तिथं तिनं ताटभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली.

"हा कसला उपास? नुसता स्टार्च आहे," मी म्हणालो.

"दोन घास खा तुम्ही पण. चढायचंय."

"मी सध्या चरबीवर चालतो."

निम्म्या पायऱ्यांवर चरबीनं हात वर केले. चरबी जळते, पण कचेरीतल्या अर्जासारखी, सावकाश. चढाला साखर लागते ती आत्ताच्या आत्ता. ती मांड्यांच्या आणि यकृताच्या कोठीत असते, आणि दोन्ही कोठ्या मी स्वतः झाडून ठेवल्या होत्या. पाय लटपटले, मी पायरीवर बसलो. काळा चष्मा लावलेल्या सासूबाई काठी टेकत माझ्या बाजूनं वर गेल्या.

बायकोचा चेहरा उतरला. "अहो, उठा ना. नवस अर्धा ऱ्हायला अन् आईच्या डोळ्याला काही झालं तर?"

मी उठायला गेलो आणि परत खाली बसलो. तिनं पिशवीतला डबा उघडला आणि उकडलेलं रताळं माझ्या हातात दिलं. मी ते सालीसकट खाल्लं.

"स्टार्च हाय," ती म्हणाली.

वीसेक मिनिटांनी पायांत जीव आला. तिचा खांदा धरून, वाकत वाकत, पण पायीच वर पोचलो. नवस फिटला. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. बायको हात जोडून त्याचाही नवस पुटपुटायला लागली, तशा सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं.

"बोलायचा तर एकटीचा बोल, बाई. ह्यांच्या भरवशावर माझा डोळा जायचा."