चाचणीचा एक दिवस

आमच्या रुग्णालयाच्या तळघरात, लिफ्टच्या यंत्राशेजारच्या खोलीत, संगणकांची देखभाल करणारे एक गृहस्थ एकोणीस वर्षे बसले. सदोदित दुरुस्त्यांत गुंतलेले म्हणून सारे त्यांना ठिगळकाका म्हणत. मी रक्ततपासणीच्या अहवालांकडचा कारकून. त्यामुळे त्यांचे काय झाले, हे मी जवळून पाहिले.

प्रयोगशाळेतील अहवाल वॉर्डांपर्यंत आणण्यासाठी त्यांनी एक लहानसा प्रोग्रॅम जुंपला होता. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, की तो फाइल उतरवून घेई. त्याला एक वाईट खोड होती: समोरचा संगणक सांगेल त्याच नावाने तो फाइल ठेवी. कोणी लबाडाने आमच्याच एखाद्या महत्त्वाच्या फाइलचे नाव सांगितले, तर हा तिच्यावरच नवी फाइल बिनदिक्कत आणून आदळी. ही खोड काढणारे सुरक्षा-अपडेट आल्यावर काकांनी परवानगीसाठी चार अर्ज केले. चौथा घेऊन ते प्रशासकांकडे गेले, तेव्हा मी तिथेच उभा होतो.

"काका, याने नवीन काय दिसणार?"

"दिसणार काहीच नाही, साहेब."

"मग घाई कसली? लिफ्टला आरसा मागा, लगेच मंजूर करतो!"

तीन महिन्यांनी संगणक-सुरक्षेचे तपासनीस येणार असे कळले आणि त्याच साहेबांचा फोन खणखणला. "दुपारपर्यंत सगळं अद्ययावत हवं."

"एक दिवस द्या, साहेब. जुन्या संगणकावर चाचणी घेतो."

"तो केव्हाच भंगारात काढला. रॉकेट सोडताय का?"

काकांनी अपडेट केले आणि नोंदवहीत तसे लिहिले. प्रोग्रॅम सुधारला, आता तो फाइल आपण मागू त्याच नावाने ठेवू लागला. परंतु काकांच्या ओळीत रोज एकच ठरावीक नाव असे; त्या-त्या दिवसाच्या तारखेचे नाव आजवर समोरूनच येत असे, आणि काकांची सारी मांडणी त्या खोडीवरच उभी होती. वॉर्डातील पडद्याला आजच्या तारखेची फाइल सापडेना, म्हणून तो निमूटपणे कालचे अहवाल दाखवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा फोन आला. "अहो कारकूनदादा, नऊ नंबरच्या आजींचं पोटॅशियम कालच्याइतकंच? दशांशासकट?"

तोवर कालच्या आकड्यावर औषध दिले गेले होते. आजी सहा दिवस अतिदक्षता विभागात होत्या, जगल्या. काकांची नोकरी मात्र गेली. आदेशात शब्द होता 'निष्काळजीपणा'. चार अर्जांचा उल्लेख कुठेही नव्हता.

जाण्यापूर्वी जुना प्रोग्रॅम त्यांच्याच हातून पुन्हा बसवून घेण्यात आला. "फाइलला तारखेचं नाव लावण्याचं काम दोन तासांत करून देतो, मग नवा ठेवता येईल," ते म्हणाले. साहेबांनी दार दाखवले. नोंदवहीतली अपडेट केल्याची ओळ खोडायला काकांनी पेन काढले, तर साहेबांनी वहीच ओढून घेतली. "राहू द्या. तपासनीस खूश होऊन गेलेत."

त्यांचा चष्मा टेबलाच्या खणात राहिला होता. तो द्यायला मी घरी गेलो. काकूंनी दार उघडले. "भावजी, तुम्ही तरी सांगा. अजून रोज सकाळी त्या अपडेटच्या याद्या वाचत बसतात."

काकांनी चष्मा लावला आणि पडद्यावर बोट ठेवले. त्याच प्रोग्रॅममध्ये आणखी एक दोष सापडला होता.

"हे आता कळवायचं कोणाला?" त्यांनी विचारले.

मी कळवले. तीनदा, लेखी. तिन्ही पत्रांवर एकच शेरा आला: नोंदवहीनुसार प्रणाली अद्ययावत आहे.