मीटरमागचा लाल ठिपका

मल्लप्पाअण्णांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी लाल नेलपॉलिशची बाटली असायची. नळदुर्गला हायवेवर ट्रकच्या वायरिंगची कामं करणाऱ्या साठीच्या माणसाकडे ही बाटली कशाला, असं नवा ड्रायव्हर एकदाच विचारायचा. अण्णा नुकत्याच पिळलेल्या स्क्रूवर ठिपका देत, वाळेपर्यंत फुंकर घालत आणि म्हणत, "आता हात लावून बघ. मला कळतंय का न्हाय ते."

माझी त्यांची ओळख झाली ती इंजिन गेल्यामुळे. तलावापलीकडच्या शेतांवर कामाला जाणाऱ्या बायांना मी होडीनं नेते-आणते. होडीचा, बॅटरी चार्ज करणारा आल्टरनेटर जळाला तेव्हा एका शहाण्यानं तिथं ट्रकचा बसवून दिला. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा अठराशेवर, मी निवांत. इंजिन मात्र त्याहून कितीतरी जोरात पळत होतं. एके दिवशी ते भर पाण्यात जाम झालं आणि आम्ही बाया घमेल्यांनी पाणी मागं लोटत काठाला लागलो. दुसरं इंजिन बसवताना घरच्यांनी बजावलं, हेही गेलं तर होडी बंद. होडी बंद म्हणजे मी चुलीपुढं. मला ते सोसणारं नव्हतं.

म्हणून हायवेवरून अण्णांना काठावर आणलं. अण्णांनी मीटर पाहिलं. "ताई, ह्याला इंजिन दिसत न्हाय. हे आल्टरनेटरच्या तारेला कान लावून बसलंय. आल्टरनेटर नवा, त्याची पुली येगळी, अन् हे अजून जुन्याचाच हिशेब सांगतंय."

त्यांनी इंजिनाच्या पुलीवर चमकत्या पट्टीचा तुकडा चिकटवला. हातातल्या यंत्राचा लाल उजेड त्यावर धरला, खरे फेरे वाचले आणि मीटरमागचा स्क्रू पिळत काटा तिथं आणला. मी त्यांच्या खिशातल्या बाटलीकडे पाहिलं.

"घाई नको. भार आल्यावर आल्टरनेटरचा पट्टा घसरतो का, ते पाण्यातच कळतं."

अडचण एवढीच, की अण्णांना पाण्याची भीती होती. होडी काठाला बांधलेली असतानाच त्यांनी लाइफ जॅकेट चढवलं होतं आणि बाभळीला आणखी एक दोरी बांधायला लावली होती.

"तुम्ही काठावर थांबा अण्णा, मी बघते."

"व्हय, अन् ठिपका कोण देणार?"

भर तलावात त्यांनी एका हातात यंत्र धरलं आणि दुसऱ्यात माझा दंड. दंडावर वळ उठले. आकडे जुळले. ठिपका देऊन त्यांनी फुंकर घातली. ओठ थरथरत असल्यानं तिची शिट्टी वाजली. मी हसले, ते हसले नाहीत. काठावर उतरून जॅकेट घडी घालून देत म्हणाले, "पाणी चांगलं हाय. फकस्त लई हाय."

मागच्या थंडीत अण्णा झोपेतच गेले. पुढं महिन्याभरात माझा आल्टरनेटर पुन्हा जळाला. वेळ साधून जळावा तसा. नवा बसवला आणि काटा पुन्हा वाटेल ते सांगू लागला. अण्णांच्या बायकोकडून, शांतव्वांकडून, मी ते लाल उजेडाचं यंत्र मागून आणलं. ठिपका खरवडताना जिवावर आलं, पण स्क्रू पिळला आणि काटा जुळवला.

संध्याकाळी शांतव्वा स्वतःच काठावर आल्या. मुठीत बाटली होती.

"पाण्यात नेऊन बघितलं का?"

"अजून नाही."

"मग चल."

त्यांनी जॅकेट मागितलं आणि दंडही. भर तलावात यंत्रावरचा आकडा वाचला, मग काटा पाहिला, मग पुन्हा यंत्र. बाटली उघडून ठिपका दिला आणि तशाच वाकून राहिल्या.

"फुंकर तू घाल, पोरी," त्या म्हणाल्या. "मला जमंना."

मी वाकले. शिट्टी वाजली.