पाटातलं कासव

लग्न होऊन मी लासुर्ण्याला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. माझं माहेर बारामतीच्या पेठेतलं, रानाची सवय नव्हती. सासूबाई कमी बोलायच्या. वाईट कधीच वागल्या नाहीत, पण त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही.

नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा. पाटाचं पाणी बंद झालं आणि आमच्या वांग्याच्या रानालगत, पुलाखालच्या डबक्यात एक कासव अडकलं. मोठ्या परातीपेक्षाही मोठं. पाठ टणक नव्हे, चामड्यासारखी. बघ्यांची गर्दी झाली. एक जण कोयता घेऊनच आला होता.

सासूबाई लुगडं वर खोचून सरळ चिखलात उतरल्या.

"त्येला कुनी हात लावायचा न्हाय."

"काकू, हितं ते तसंबी मरंलच की," कोयतेवाला म्हणाला.

"मरतंय का जगतंय ते आमी बघू. तू घरला जा."

मग माझ्याकडं वळल्या. "बघत काय ऱ्हायलीस? बारदान भिजवून आन. आन् तोंडाकडनं धरू नगंस, बोट तोडंल."

मी चपला काढल्या आणि उतरले. भीती वाटत होती, पण त्यांनी मला हाक मारली याचाच आनंद जास्त होता.

धाकट्या दिरांनी ट्रॅक्टर आणला. "उजनी धरणाच्या फुगवट्यात सोडू. तितं लई पानी हाय."

"पानी हाय रं, पर वाळू कुठं हाय?" सासूबाई म्हणाल्या. "मादी असली तर अंडी कुठं घालंल? माज्या म्हायेरची समदी वाळू त्या धरणानं गिळली."

म्हणून नीरेला गेलो. नदीच्या वरच्या अंगाला धरणांनी पाणी अडवलेलं, त्यामुळं पात्रात नुसते दगड. बरंच फिरल्यावर एक डोह सापडला, काठाला वाळू असलेला. बारदान काढलं तरी कासव हललं नाही. सासूबाई त्याच्या शेजारी उकिडव्या बसून राहिल्या. मग ते सावकाश सरकलं आणि पाण्यात दिसेनासं झालं.

परतताना ट्रॉलीत त्या बोलायला लागल्या. त्यांचं माहेर भीमेकाठी, मेंढरं राखणारं घर. लहानपणी सकाळी वाळूत कासवांच्या वाटा उमटलेल्या दिसायच्या. कुत्र्यांनी अंडी उकरू नयेत म्हणून त्यांचे वडील वर बाभळीचे काटे टाकायचे. डोहात माणसाएवढ्या लांब, सापासारख्या वाम मासळ्या असायच्या. धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आणि त्यांच्या माहेरच्यांना पुन्हा ना मोठं कासव दिसलं, ना तशी वाम.

"पर नीरंवरच्या असल्याच धरणांच्या पान्यावर आपली वांगी हायती," त्या म्हणाल्या. "धरणाला वाईट तरी कसं म्हनू?"

पुढच्या उन्हाळ्यात फुगवटा ओसरला तेव्हा त्या मला माहेर दाखवायला घेऊन गेल्या. घराचं जोतं तेवढं उघडं पडलं होतं. जिथं वाळू होती म्हणाल्या, तिथं भेगाळलेला गाळ. त्यांनी चुलीची जागा दाखवली, आणि तिथंच बसून आम्ही भाकरीचं गाठोडं सोडलं. मला आईनंतर कुणी आपलं बालपण असं विश्वासानं दाखवलं असेल तर त्यांनीच. ते ऋण मी आजही आनंदानं बाळगते.

जेवण झाल्यावर त्या जोत्यावरच आडव्या झाल्या. मी उन्हाच्या बाजूला पदर धरून बसले.