ताईच्या पाठीचं माप

कारखान्यात सगळे त्याला ओळंबा म्हणत. गवंडी दोरीला वजन बांधून भिंत पाहतो, तसा हा समोरच्या माणसाची पाठ नुसत्या नजरेने पाहायचा. साहेबांच्या निरोपाच्या भाषणात लोक डोळे पुसत होते, तेव्हा हा शेजाऱ्याच्या कानाशी लागला, "साहेबांच्या मानेचा बाक गेलाय हो!"

पाठीच्या कण्यात बसवायच्या सळयांचा आकार ठरवणं हे त्याचं काम. माणसाची पाठ सरळ नसतेच. मानेशी आत, पाठीशी बाहेर, कंबरेशी पुन्हा आत, असा तिला बाक असतो आणि तो गेला की माणूस पुढे झुकतो. एक्सरेवर मणक्यांचे कोन मोजून कुठे किती बाक हवा ते हा सांगायचा आणि यंत्र टायटॅनियमची सळई तेवढीच वाकवायचं. नव्याने रुजू होणाऱ्यांना तो पहिल्याच दिवशी बजावायचा, "आधी गुडघे बघा. पाठ गेलेला माणूस गुडघे दुमडतो आणि फोटोत सरळ दिसतो. गुडघे दिसत नसतील तर एक्सरे परत पाठवा. डॉक्टर ओरडले तर ओरडू देत."

या धंद्यात तो शिरला तो ताईमुळे. आई लवकर गेली, तेव्हा हा तीन वर्षांचा आणि ताई चौदाची. त्याच वर्षी तिचा कणा एका बाजूला कलत होता म्हणून तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे तिच्या पाठीत सरळसोट सळई घातली. कलणं थांबलं, पण कंबरेचा बाकही गेला. तशा पाठीने तिने याला कडेवर घेऊन वाढवलं. तरुणपणी निभावलं, पन्नाशीनंतर मात्र ती पुढे झुकत गेली, आणि शेवटी तिला दिसायच्या त्या फरश्या आणि माणसांची पावलं. "तू नवे बूट घेतलेस की तुझ्या बायकोआधी मला कळतं," असं म्हणून ती हसायची. वरच्या फळीवरचे डबे तिने केव्हाच ओट्याखाली आणले होते.

अखेर सर्जन तयार झाले. जुनी सळई काढायची, हाड कापायचं आणि बाक दिलेल्या दोन नव्या सळया बसवायच्या. "पण एकदाच," ते म्हणाले. "हाडं ठिसूळ झालीत. पुन्हा उघडलं तर स्क्रू धरणार नाहीत." माप मीच घेणार, असा याने हट्ट धरला.

एक्सरेच्या खोलीच्या दारातून तो ओरडला होता, "ताई, होईल तितकी ताठ उभी राहा!" मग पडद्यावर चित्र आलं आणि तो बघतच राहिला. ताई ताठ उभी होती. इतक्या वर्षांत त्याने तिला अशी पाहिली नव्हती. चित्र मांड्यांपाशी संपत होतं, हे त्याला दिसलं नाही असं नाही. पण डोळे भरून आले होते, आणि दुसरा एक्सरे मागवावा असं मनातसुद्धा आलं नाही. एरवी डोळ्यांत तेल घालून काम करणाऱ्या माणसाने त्या दिवशी अक्कल गहाण टाकली. थोडा बाक पुरेल, असं त्याने लिहिलं. ओळंब्याचं माप म्हणून सर्जननेही सही केली.

ऑपरेशनच्या आधल्या आठवड्यात ताईने त्याच्याकडून सगळे डबे वरच्या फळीवर चढवून घेतले. हट्टच तिचा.

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात ती भिंत सोडून उभी राहिली आणि हळूहळू पुढे झुकली. ताईच म्हणाली, "बुटांवरून गुडघ्यांपर्यंत आले बघ."

त्याने कारखान्यात जाऊन जुना एक्सरे उघडला. खालच्या कडेला मांडीच्या हाडांचा वीतभर तुकडा दिसत होता, तिरका. गुडघे दुमडल्याशिवाय मांडी अशी तिरकी होत नाही. एखाद्या नवख्याने ही चूक केली असती, तर याने त्याला दारातच उभं केलं नसतं. तो खुर्चीत बसून राहिला. आता काही होणार नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कोणालाच नक्की माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ताईकडे गेला, तर ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती. "आलास? ते डबे खाली काढ रे," ती म्हणाली. त्याने एकेक डबा उतरवला आणि शेवटचा हातात असतानाच बोलून टाकलं, "ताई, माप माझं चुकलं. तू गुडघे वाकवले होतेस. मी पाहिलंच नाही."

"म्हणजे मीच चुकले की रे. तू ताठ उभी राहा म्हणालास. तुला बरं वाटावं म्हणून कशीबशी राहिले. पाय लटलट कापत होते."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. त्याने डबा ओट्याखाली सरकवला आणि तोंड फिरवलं.

"तिकडे कुठे? खाली बस इथे, माझ्यासमोर," ताई म्हणाली. "उभा राहिलास की तोंड दिसत नाही तुझं."

तो फरशीवर बसला. लपवायला काही जागा उरली नव्हती. ताई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "किती म्हातारा झालास रे."