भुताच्या भूमिकेत आई

आमचा भुताचा सिनेमा इतका स्वस्तातला होता की भूतसुद्धा घरातलंच घ्यावं लागलं. एका जुन्या, नामवंत लेखकाची अपुरी राहिलेली गोष्ट मी शाळेत असताना वाचली होती. मेलेल्या आईची चाहूल स्वयंपाकघरातून येते, मुलगा दारापर्यंत जातो, आणि गोष्ट तिथेच थांबते. पुढचं लिहिण्याआधीच लेखक वारले. ते दार आपण उघडायचं, असं मी ठरवलं. लेखकापेक्षा शहाणं असल्याचा आव आणायला काही खर्च येत नाही.

उलव्याला एका मित्राचा रिकामा फ्लॅट होता. कॅमेरा आणि एडिटिंग दुसऱ्या मित्राचं, लग्नाचं शूटिंग करणाऱ्याचं. आणि आईच्या भूमिकेत माझीच आई. तिने मेकअप करू दिला नाही. "मेल्यावर कोण पावडर लावतंय?" म्हणाली. भिंतीवर फोटो हवा होता, तो तिचाच मोठा करून घेतला. त्याला घालायचा चंदनाचा हार तिने स्वतः पनवेलच्या बाजारातून घासाघीस करून आणला. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

जासईच्या मावशीला तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर दिसला. दुसऱ्या दिवशी ती नवीन पनवेलला आमच्या घरी हजर.

"जित्या मानसाच्या फोटूला हार घालतान काय रं? तुला काय वाटतं का नाय?"

"आगो, सिनेमा हाय तो. खोटा हाय," आई हसून म्हणाली.

मावशी पाण्यालाही न शिवता निघून गेली.

पुढे चार महिन्यांत आईचे डोळे पिवळे दिसू लागले. साधी कावीळ असेल असं आम्ही धरून चाललो होतो. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून कॅन्सर म्हणून सांगितलं. फोटोचा आणि आजाराचा काडीचाही संबंध नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी त्या कॅमेरावाल्या मित्राकडे जाऊन बसलो आणि हार दिसणारा एकेक शॉट सिनेमातून काढायला लावला. एवढा शिकलेला माणूस मी! दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात नव्हतं. आई गेली.

महिन्याभराने गावातल्या एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. मावशी आली, माझ्या शेजारी बसली. मुलाने स्वयंपाकघराचं दार ढकललं, ओट्यापाशी उभी असलेली आई वळली आणि अख्खा हॉल किंचाळला. मागे कुणीतरी "बाप रे" म्हणालं. लोक माझ्या आईला घाबरत होते, आणि ते तसेच घाबरावेत म्हणून मीच महिनोन्‌महिने खपलो होतो.

मावशी पुढे वाकली. "ती बोलत कशी नाय रं?"

ती बोलली होती. शूटिंगच्या वेळी दर टेकला वळून ती मुलाचं काम करणाऱ्या नटाला दटावायची, "चपला घालून आत आलास? काढ आधी!" सगळे हसायचे. भूत असं बोललं तर भीती कशी वाटणार, म्हणून मी ते वाक्य कापलं आणि नुसती वळलेली आई तेवढी ठेवली, तीन सेकंद. बाकीचं सगळं कॅमेरावाल्या मित्राने पुढच्या लग्नासाठी डिस्क रिकामी करताना पुसून टाकलं, तेही मला विचारूनच.

"सांग ना रं," मावशी म्हणाली.