मासा नको, पाणी आणा!

सोलापुरात शोभेच्या माशांचं दुकान चालवायचं तर डोकं थंड हवं. माझं मुळातच तापट! लोक रोज नवा प्रताप करून येतात, मी रोज ओरडते, आणि दुपारी शेजारचा टेलर विचारतो, "अक्का, आज कोण?"

*

एक साहेब आले. कडक इस्त्री. स्टीलच्या डब्यात गोल्डफिश.

"बघा जरा, काय झालंय ह्याला."

"मेलाय!"

"ते दिसतंय हो. कशानं?"

"टाकीतलं पाणी आणलंय?"

"पाणी कशाला? आजारी मासा होता!"

अहो, मासा त्यातच खातो, त्यातच घाण करतो, त्यातच श्वास घेतो. निम्मे आजार त्या पाण्यातच असतात. फोनवर घसा फोडून सांगते, आधी बाटलीभर पाणी आणा. पाच वर्षांत एकानं आणलं असेल तर शपथ!

*

आमच्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. त्या दिवशी लोक सगळं धुवायला काढतात. गाड्या, गोधड्या, आणि माशांची टाकीसुद्धा!

एका वहिनींचा फोन. "मासे वर येऊन तोंड उघडझाप करताहेत हो!"

"पाणी किती बदललं?"

"सगळं! टाकी पावडरनं घासली, नळाचं ताजं पाणी भरलं."

म्हणजे साबण आणि क्लोरिन, दोन्ही! "जुनं पाणी आहे का थोडं?"

"गटारीत ओतलं की. घाण होतं."

त्या घाणीत आठ मासे दीड वर्ष सुखात होते. संध्याकाळपर्यंत आठही गेले. वर मलाच म्हणते, "तुमचे मासेच नाजूक."

*

एका घरचा मासा पोट फुगून उलटा पोहत होता.

"काय घालता ह्याला?"

"कडक भाकरी. आमी पण तेच खातो की!"

म्हटलं, तीन दिवस काही म्हणजे काही घालू नका. चौथ्या दिवशी मासा आणखी फुगलेला. घरची आजी शांतपणे म्हणाली, "मुक्या जिवाला उपाशी कसं ठेवायचं? जरा साबुदाण्याची खिचडी घातली. उपासाला चालती की."

मी हात जोडले आणि पाणी प्यायला आत गेले.

*

त्याच तिरमिरीत असताना सांगोल्याकडच्या एका आजोबांचा फोन आला. शेरडं राखतात. "सात मासं हुतं, दोन ऱ्हायलं. नात लई रडतीया."

"पाणी आणा!" मी खेकसले आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी आजोबा हजर. एस.टी.नं आलेले, घामाघूम. काउंटरवर पाच लिटरचा कॅन ठेवला. काठोकाठ!

"मासे कुठंयत?"

"वाटंत मेलं असतं की. तुमी पानीच म्हनला न्हवं?"

पाच वर्षांत पहिला माणूस, आणि त्याच्यावरच मी खेकसले होते! लाज वाटली. चमचाभर पाणी नळीत घेऊन तपासणीचे थेंब टाकले. हिरवंगार झालं, म्हणजे माशांची घाण पाण्यात साठलेली.

"आजोबा, पाणी बिघडलंय. औषध नको. रोज थोडं काढा, तेवढं चांगलं घाला. दोघं वाचतील."

"चांगलं कुटनं आनू, ताई? टँकर आटवड्यानं येतो."

दुकानातलं मुरवलेलं, क्लोरिन उडून गेलेलं पाणी दुसऱ्या कॅनमध्ये भरून दिलं. म्हटलं, रोज तांब्याभर घाला. मग त्यांचा कॅन मोरीत ओतायला उचलला.

आजोबांनी माझा हातच धरला.

"वतू नगा, ताई! डाळिंबाला घालतो की."