प्रश्न विचारून गप्प बसणाऱ्या बाई

आमच्या करजणच्या बसमध्ये तरसालीला रोज एक शिक्षिका चढतात. त्यांची शाळा करजणच्या पुढे, खेड्यात. परतताना मुलांनी दिलेली बोरं आम्हाला वाटतात. नाव मी कधी विचारलं नाही.

सरकारचा ‘विशेष शिक्षक’ हा दर्जा आणि त्याचा भत्ता मिळावा म्हणून त्या एक प्रशिक्षण घेत होत्या. प्रश्न विचारला की आपण गप्प बसायचं आणि मुलाला बोलू द्यायचं, असं त्यात शिकवलं होतं. सराव आमच्यावर चालायचा.

एकदा त्यांनी कंडक्टरला उशिराचं कारण विचारलं.

“ट्राफिक, बेन.”

बाई त्याच्याकडे मायेने बघत राहिल्या. त्याने तिकिटाचं मशीन उगाच पुसलं.

“चा पीधी, बेन,” थांबून चहा प्यायल्याचं त्याने शेवटी कबूल केलं.

परवा बाईंना दर्जा मिळाला. पेढा घेताना मी म्हटलं, “आता घराजवळची शाळा मागणार ना?”

“छे, याच शाळेत राहिलं तरच भत्ता मिळतो.”

मी काहीच बोललो नाही, नुसता बघत राहिलो. बाईंनी पर्सची चेन उघडली, परत लावली.

“कुठेही मिळतो हो,” त्या हळूच म्हणाल्या. “पण घरी मी असंच सांगितलंय.”